उंबरठ्यावरचे वर्ष

परंड्याच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. व्यवहाराची वेळ संपली की बँक शांत होई. अशाच एका दुपारी आमचा एक तरुण कारकून टेबलासमोर येऊन बसला. त्याला कॅथॉलिक व्हायचे होते. लग्नाबिग्नाची भानगड नव्हती. दोन-तीन वर्षे मनात घोळत असलेला विचार होता. पण फादरांनी त्याला परत पाठवले होते.

“साहेब, ते म्हणाले, वर्षभर येत राहा, मग बघू. कर्जाचा अर्जसुद्धा आपण इतका लटकवत नाही!”

मी हसलो. तो मात्र हसला नाही. खरी अडचण वेगळीच होती. त्याची आई रोज दासबोध वाचायची. परंडा तालुक्यातच सीनेकाठी डोमगावला कल्याणस्वामींची समाधी आहे. समर्थांच्या तोंडून दासबोध उतरवून घेतला तो याच शिष्याने, असे परंपरा सांगते. आईने विरोध केला नव्हता. तिने एवढेच विचारले होते, “माझ्यामागं या घरात ओवी कोण म्हणणार?”

मला काही उत्तर सुचले नाही. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा फादरांच्या ‘वर्षभर’चा अर्थ उलगडला.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत प्रौढांना दीक्षेआधी बराच काळ, कधी कधी तीन वर्षेही, थांबावे लागे. प्रवचन संपले की दीक्षार्थींना बाहेर पाठवीत. पुढचा विधी फक्त दीक्षितांसाठी असे. पुढे तान्ह्या मुलांचाच बाप्तिस्मा रूढ झाला आणि ही पद्धत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ती पुन्हा सुरू करण्याचे ठरवले. १९७२ मध्ये तिचा विधिग्रंथ निघाला.

आधी नुसती चौकशी, मग देवळाच्या दारात स्वागत, मग शिकवणीचे महिने. ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवड होते आणि वहीत नाव लागते. त्याच काळातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि प्रभुभोजन हे तिन्ही संस्कार एकत्र मिळतात. शिवाय सोबत कुणीतरी लागतो, जो सांगेल की या माणसाला मी ओळखतो. आमच्याकडेही खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. पण ती सही करून तो मोकळा होई. धर्मपित्याला तशी मोकळीक नाही.

हा धीर इतिहासात नेहमी दिसला असे मात्र नाही. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या बळावर देवळे पाडली गेली, गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. त्यांचे पूर्वीचे ग्रंथही निषिद्ध ठरले. १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला साष्टीत नेमका हाच सल दिसला. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’त सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? उत्तरादाखल स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या, त्याही मराठीत. १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत तो ग्रंथ छापला गेला. गोव्यातल्या चर्चमध्ये तो पुढे कित्येक वर्षे वाचला जाई.

परंड्यातल्या त्या माउलीचा आणि त्या ब्राह्मणाचा प्रश्न एकच होता. देव बदलला तरी कानातली ओवी कुठे ठेवायची? साष्टीत आधी पाणी पडले आणि विचारणा नंतर झाली. आमच्या कारकुनाला मात्र आधी विचारायला वर्ष मिळाले, आणि ते त्याच्या आईलाही मिळाले.

पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी तो भेटला. वर्षाची दोन वर्षे झाली, पण त्याने बाप्तिस्मा घेतला होता. मी आईची चौकशी केली.

“डोळे गेले तिचे,” तो म्हणाला. “आता दासबोध मीच वाचून दाखवतो. कुठं चुकलो की ओरडते.”