पायमोज्यातली सुरकुती

सकाळी सहाला चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरचा सिग्नल अजून पेंगत असतो. अशाच एका सकाळी इथल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाशी मी थांबलो. दहा-बारा मुलं कडेला बूट काढून बसली होती. त्यांचे कोच खाली वाकून एकेकाच्या टाचेवरची मोज्याची सुरकुती बोटानं सारखी करत होते.

माझ्या अंगावर काटा आला. जॉन वुडनही हंगामाचा पहिला दिवस असाच सुरू करायचे! सुरकुतीनं फोड येतो, फोडामुळे सराव बुडतो, एवढं साधं कारण. हे वुडन म्हणजे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच. 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं, सलग 88 सामने अजिंक्य. पण ते तिथे रुजू झाले 1948 साली आणि पहिलं विजेतेपद आलं 1964 मध्ये. मधली सोळा वर्षं मला त्या दहा करंडकांहून मोठी वाटतात.

1974-75च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन बसले. वुडन काय काय बोलतात, करतात, त्याच्या 2,326 नोंदी झाल्या. शाबासकी जेमतेम सात टक्के, नापसंतीही तेवढीच. जवळजवळ तीन चतुर्थांश नोंदी नुसत्या शिकवण्याच्या: पाय कुठे, हात कसा, आता काय. चूक झाली की आधी बरोबर करून दाखवायचं, मग खेळाडूनं केलं तसं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत!

आणि हा खेळ मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, रुजला कसा? 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या ज्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला, तिथेच शिकलेले हॅरी क्रो बक इथे आले. 1920 मध्ये त्यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, म्हणजे खेळ शिकवणारी माणसं घडवण्याचं कॉलेज! नंदनमला ते आजही चालू आहे, शोळिंगनल्लूरपासून अठरा-वीस किलोमीटरवर.

एव्हाना कोर्टावर फ्री थ्रो सुरू झाले होते. एका मुलाचा चेंडू कडीला लागून परतला. कोच म्हणाले, ‘मुळंगै.’ मला तमिळ येत नाही. त्यांनी मुलाचं कोपर दोन बोटांनी जरासं आत वळवलं, तेव्हा शब्द कळला.