पाटीवरचा भाऊ

दुकानाच्या पाटीवर सहसा मालकाचे नाव असते. बेळगावात सायकली विकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पाटीवर मात्र होते, ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. त्यांच्या धंद्याचे खरे भांडवल तेच होते.

१८६९ साली गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईला गेले. पण रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. तिथेच शिक्षकाची नोकरी करता करता ते सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवत. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव भावाजवळ आले. कडबा कापायचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरी दोघे भाऊ डगमगले नाहीत.

१९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले. लक्ष्मणरावांनी तिथे कारखाना उभारला, रामूअण्णांनी वसाहतीची घडी बसवली. किर्लोस्करवाडी ती हीच.

१९५६ साली लक्ष्मणराव गेले. धंद्यापायी भाऊबंदकी माजलेली घरे आपण पाहतोच. या दोघांचा धंदा मात्र एकमेकांच्या भरवशावरच उभा राहिला.