नितळ आणि निर्मळ
नितळ पाणी निर्मळ असतेच असे नाही. कोळंबीच्या काचपात्रात हा भेद तिच्या जिवावर बेततो. सक्रिय कोळसा आपल्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर रंग, गंध व विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये धरून ठेवतो. विष्ठा व कुजते अन्न यांतून उद्भवणारा अमोनिया मात्र त्याच्या हाती फारसा लागत नाही. गोड्या पाण्यात तो झिओलाइट हे खनिज आयन-विनिमयाने टिपते. खाऱ्या पाण्यात सोडियमच्या आधिक्यामुळे तेच खनिज टिपलेले परत सोडते. कोळंबीच्या रक्तातील प्राणवायुवाहक हीमोसायनिन तांब्यावरच आधारलेले असले, तरी पाण्यात विरघळलेले अधिक तांबे तिला मारक ठरते. ते काढण्यास विशिष्ट रेझीन उपयोगी पडते. प्रत्येक माध्यमाची धारणक्षमता मर्यादित असते. अमोनियाचे नायट्रेटमध्ये अविरत रूपांतर करणाऱ्या जीवाणूंची जागा त्यांपैकी कोणतेही घेऊ शकत नाही.