मऊ हातमोजा आणि मिटणारी मूठ

हात दुखतो अशी तक्रार घेऊन कुणी मोटारसायकलचे हातमोजे घ्यायला गेले, की समोर येतो तो बहुधा दुकानातला सर्वांत गुबगुबीत जोड. तळहाताला जेलच्या गाद्या, बोटांना फोम, पेरांवर कडक कवच. काउंटरवर अंगठ्याने दाबून पाहिला तर तो खरोखरच मऊ लागतो. पण गाडीवर हाताला वेगळेच काम असते. हँडल धरून ठेवायचे, घडोघडी क्लच ओढायचा, ॲक्सिलरेटर पिळून तसाच रोखून धरायचा. म्हणून दुखऱ्या हाताच्या दृष्टीने मऊपणाची कसोटी एकच: हातमोजा घातल्यावर मूठ मिटायला आणि मिटलेली ठेवायला किती जोर लागतो? जाड तळव्यामुळे हँडलच्या मुठीचा घेर वाढतो, बोटे पुरती वळत नाहीत आणि स्पर्श बोथट झाला की चालवणारा नकळत पकड आवळतो. हा जादा जोर पडतो तो आधीच कुरकुरणाऱ्या सांध्यांवर आणि नसांवर.

दुखणे कोणते, यावरही निवड अवलंबून असते. कार्पल टनेल सिंड्रोममध्ये मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन ही नस दाबली जाते. त्याच बोगद्यातून बोटे वळवणारे नऊ स्नायुबंधही जातात, त्यामुळे तिथे मोकळी जागा मुळातच कमी. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येऊ लागल्या, तर मनगटाच्या आतल्या बाजूला करकचून बसणारी पट्टी असलेला हातमोजा टाळावा. पट्टी रुंद असावी आणि तिचा ताण मनगटावर सगळीकडे सारखा पडावा. करंगळीची बाजू बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला मनगटालगत असलेली जाड शिवण किंवा कडक पट्टी घातक ठरू शकते, कारण अल्नर नस तिथून जाते. अंगठ्याच्या बुडाशी संधिवात असलेल्याला अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात कातडे ताणले गेले, तरी कळ येते. मधुमेहामुळे ज्याच्या हाताची संवेदना कमी झाली आहे त्याची अडचण उलटी. त्याला आतली शिवण टोचते आहे हे कळतच नाही, कळते ते त्वचा सोलवटल्यावर. बाहेरून घातलेल्या शिवणी, आधीच वळण दिलेली बोटे, शेळीच्या कातड्यासारखे पातळ पण चिवट कातडे आणि घामट बोटांबरोबर उलटे बाहेर न येणारे अस्तर या गोष्टी मात्र जवळजवळ सर्वांच्याच सोयीच्या.

यावर पहिला आक्षेप असा, की गादी नसेल तर इंजिनाची थरथर थेट हातात शिरेल. थरथरीने हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात हे यंत्रकामगारांच्या अनुभवातून सिद्ध झालेले आहे, तेव्हा आक्षेप पोकळ नाही. पण गादी नेमके किती करते, ते पाहू. कंपरोधक हातमोज्यांसाठी आयएसओ 10819 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या 2013 च्या आवृत्तीत 200 हर्ट्झच्या वरच्या कंपनांत किमान 40 टक्के घट मागितली आहे, पण 25 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यात फक्त 10 टक्के. आता एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 फेरे होतात, म्हणजे त्याचा मुख्य कंप या दुसऱ्या पट्ट्यात पडतो. जेल जिथे सर्वांत दुबळे, तिथेच मोटारसायकलचा त्रास. थरथर मारायची ती उगमाशी. रॉयल एनफील्डने 2020 मध्ये आणलेल्या मिटिऑर 350 मध्ये बॅलन्सर शाफ्ट दिला तो त्यासाठीच. जुन्या गाडीला हँडलच्या टोकांना वजने, मऊ रबरी मुठी आणि इंजिनाचे घट्ट बोल्ट यांचा उपयोग जाड तळव्यापेक्षा अधिक होतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पडताना माणूस आधी हात टेकतो, मग पातळ हातमोजा काय कामाचा? इथे पातळ आणि कच्चा यांत गल्लत होते. युरोपच्या ईएन 13594 या मानकात कातडे घासून फाटायला किती वेळ लागतो हे मोजतात, तसेच हातमोजा हातातून निसटतो का हेही तपासतात. चांगल्या कातड्याचा सुटसुटीत जोड या कसोटीला उतरू शकतो. तळहाताच्या बुडाशी घसरणारी छोटी पट्टी मात्र असू द्यावी, कारण हात रस्त्याला अडकून बसला तर मनगटातले स्कॅफॉइड हाड मोडण्याची भीती असते. आपल्याकडच्या उकाड्यात हातमोजाच नको, असे म्हणणाऱ्यांनीही घाम आल्यावर मूठ निसटते आणि पकड आणखी आवळावी लागते, हे ध्यानात घ्यावे. जाळीदार पाठ आणि कातडी तळवा हा त्यावरचा मधला मार्ग.

म्हणून खरेदी काउंटरवर करू नये, गाडीवर बसून करावी. हाताला सूज येत असेल तर ती असतानाच जोड घालून पाहावा. हँडल पंधरा मिनिटे धरावे, क्लच वीसेक वेळा ओढावा, बोटांची टोके टोचतात का आणि वेल्क्रो दुखऱ्या हाताने एकट्याने सुटते का, हे पाहावे. त्याआधी क्लचची केबल तेल घालून मोकळी करावी आणि लिव्हर मनगट सरळ राहील अशा कोनात फिरवून घ्यावा, कारण मनगट मागे वाकले की बोगद्यातला दाब वाढतो. एवढे करूनही रात्री मुंग्यांनी झोप मोडत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर नवा हातमोजा शोधत बसू नका. आधी डॉक्टरांना हात दाखवा.