कोरड्या फडक्याचे चरे

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला गाडीचा रंग दोन गोष्टींनी जातो. एक धूळ आणि दुसरं बोअरचं पाणी. विवेकानंद आश्रमातल्या विवेकानंद जन्मोत्सवाला, तिथल्या महाप्रसादाला लाखो माणसं येतात, तेव्हा आजूबाजूची वावरं वाहनतळ होतात आणि गाड्या मातीच्या रंगाच्या होऊन घरी परततात. मालक उतरतो, सीटखालचं कोरडं फडकं काढतो आणि मोठ्या प्रेमानं बोनेट पुसायला घेतो. माझ्या मते गाडीचं खरं नुकसान होतं ते या घडीला, रस्त्यावर नाही.

"कोरडं फडकं काहून मारता भाऊ? त्या धुळीवर ते फडकं नाही, वॉटर पेपर होते," असं गाडी पॉलिश करणारा कारागीर समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होता. त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. इथली धूळ म्हणजे काळ्या मातीबरोबर मुरमाचा आणि काळ्या पाषाणाच्या गिट्टीचा चुरा. त्यातले कण रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असतात.

गाडी काळी स्कॉर्पिओ होती. सावलीत ती झकास दिसत होती. कारागिरानं मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरला, तसं उजेडाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं उमटलं. टॉर्च डावीकडे नेला की जाळंही डावीकडे जाई. चरे मुळात गोल नसतातच. ते सगळ्या दिशांनी वेडेवाकडे पडलेले असतात, पण उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ भासतं. काळ्या रंगावर हे सगळं उघडं पडतं, पांढऱ्यावर झाकून जातं.

मग त्यानं दारावरच्या एका लांब ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. "हा निघत नाही," तो म्हणाला आणि पुढे गेला.

या एका वाक्यात त्या कामाची सगळी समज आहे. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट. हा वरचा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. चरा काढायचा म्हणजे तो भरायचा नसतो, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत खाली घासायचा असतो. विदर्भातल्या उन्हापासून रंगाला जपणारं द्रव्यही याच थरात असतं. म्हणून खोल चऱ्यामागे लागणारा कारागीर मला भरवशाचा वाटत नाही.

पाण्याच्या डागांचं वेगळं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात तापलेल्या बोनेटवर पाणी बघता बघता उडून जातं आणि मागं पांढरी कडी राहते. ताजी असेल तर आम्लानं विरघळते. त्यानं व्हिनेगरमध्ये तेवढंच आरओचं पाणी मिसळलं, ओलं कापड डागावर जेमतेम मिनिटभर ठेवलं आणि जागा भरपूर पाण्यानं धुतली. बरेचसे डाग गेले. ज्यांनी क्लिअर कोटच खाल्ला होता, ते मात्र मशीनसाठी राहिले.

मशीन लावण्याआधी गाडी शाम्पूनं धुणं, ओली ठेवून चिकटलेली घाण उचलणारी क्ले फिरवणं, रबराच्या पट्ट्यांना आणि कडांना टेप लावणं, यातच बराच वेळ गेला. कडांवर रंग पातळ बसतो आणि मशीन तिथंच आधी रंग उडवतं. त्याचं मशीन गरगर फिरता फिरता हेलकावेही घेणारं होतं. एकाच जागी फिरणाऱ्या जुन्या मशीनपेक्षा ते कमी तापवतं. पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके, हातभर चौकोन, आधी आडवे फेरे, मग उभे. पांढरा लेप हळूहळू पारदर्शक होत आला, तसं त्यानं मशीन उचललं आणि हाताची मागची बाजू पत्र्याला लावून ऊब पाहिली. पुसायचं मऊ कापड मध्येच खाली पडलं. त्यानं ते झटकलं नाही, सरळ धुण्यात टाकून दुसरं घेतलं.

चौकोन चमकला तरी त्याचं समाधान नव्हतं. पॉलिशातलं तेल चऱ्यांत बसून खोटी चमक देतं आणि दोन-चार धुण्यांत जाळं परत दिसतं. त्यानं अल्कोहोलचं पाणी फवारून तेल पुसून काढलं आणि पुन्हा टॉर्च धरला. दोन-तीन चरे उरलेच होते. मालक म्हणाला, "अजून एक हात मारा ना." त्यानं नकारार्थी मान हलवली आणि बारीक पॉलिशाचा मऊ पॅड चढवला. ते चरे टॉर्चलाच दिसतात, दिवसाच्या उजेडात दिसत नाहीत. तेवढ्यासाठी आणखी थर काढायला तो तयार नव्हता.

शेवटी वॅक्स. जाताना त्यानं मालकाला दोन बादल्या सांगितल्या: एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. धुणं सकाळी, पत्रा थंड असताना. शेवटचं पाणी जारचं, आणि लगेच ओल टिपून घ्यायची. दारावरच्या ओरखड्यासाठी त्यानं त्यांना मेहकरच्या पेंटरकडे जायला सांगितलं.