डोक्यावरचं आकाश (भाग ६) : तिरुनेलवेली वजा अलिबाग

सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि त्यातून आयनांबर तयार होतं, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. या थरात, जमिनीपासून १०० ते ११० किलोमीटरवर, दिवसभर वीज वाहत असते. अंतर तसं फार नाही. चर्चगेटहून सुटलेली लोकल डहाणूपर्यंत याहून जास्त धावते. पण तिथं कायमचं यंत्र ठेवता येत नाही. फुगे इतके वर चढत नाहीत, उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत आणि अग्निबाण काही मिनिटांत थर ओलांडून जातात. मग रोजच्या रोज मोजमाप करायचं कसं?

ते होतं आपल्या वसईपासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर, अलिबागला. वरची वीज खाली जमिनीवरच्या चुंबकसूचीला हलवते, आणि ती हालचाल तिथं टिपली जाते.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांना घोर लागला. ट्रामच्या विजेने चुंबकसूच्या भरकटल्या असत्या. १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली. चुंबकत्व नाही याची खात्री करून घेतलेला पोरबंदरचा दगड, सागवान, तांब्या-पितळेच्या बिजागऱ्या, लोखंडाला मज्जाव. दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने नोंदी झाल्या, म्हणून साखळी तुटली नाही. ट्राम विजेवर धावली ती १९०७ मध्ये. सरकारी कामात इतकी दूरदृष्टी दिसली की मी तरी दोनदा वाचतो! कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींचं विश्लेषण मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलं.

त्या नोंदींत एक साधी गोष्ट रोज दिसते. सकाळपासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक वाढत जातो, दुपारच्या सुमाराला शिखर गाठतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. अलिबागला हा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे आणि रोजची चढउतार काही दहांच्या घरातली. ही चढउतार जमिनीतून नव्हे, वरून येते, असा तर्क बालफोर स्टुअर्ट यांनी १८८२ मध्येच केला होता. सूर्यामुळे उठणाऱ्या हवेच्या भरती-ओहोटीत विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ओढले जातात, वीज निर्माण होते आणि तिचं क्षेत्र खाली सूचीला हलवतं.

दक्षिणेतल्या तिरुनेलवेलीच्या वेधशाळेत मात्र हीच चढउतार कितीतरी मोठी असते. ते गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे आणि तिथं डोक्यावरून, दिवसा, पूर्वेकडे विजेचा अरुंद पण जोरदार पट्टा वाहतो. सिडनी चॅपमन यांनी १९५१ मध्ये त्याला इलेक्ट्रोजेट म्हटलं. अलिबाग या पट्ट्याच्या बरंच उत्तरेला आहे, आणि तेच त्याचं मोल. सौर वादळाचा धक्का दोन्ही ठिकाणी लागतो, रोजची सर्वसाधारण चढउतारही दोन्हीकडे असते. इलेक्ट्रोजेट फक्त दक्षिणेच्या नोंदीत. म्हणून तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करायचा. उरतो तो जवळजवळ निव्वळ इलेक्ट्रोजेट. कोट्यवधींचा उपग्रह न सोडता, दोन खोल्यांतल्या नोंदींवर हे साधतं.

हा उरलेला आकडा मोठा असेल, तर चुंबकीय विषुववृत्तावरचा विद्युतभारित वायू जोराने वर ढकलला जातोय असं समजायचं. तो चढतो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला उतरतो. भारतात त्याची रास साधारण अहमदाबादच्या अक्षांशांवर साचते. वसई विषुववृत्त आणि रास यांच्यामध्ये, त्यातही राशीच्या बाजूला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे १९८० च्या दशकातले संचालक आर. जी. रस्तोगी आणि अमेरिकेचे जॉन क्लोबुचर यांनी १९९० मध्ये या पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या साठ्याचा अभ्यास याच अंगाने केला. तेव्हा दक्षिणेचं ठाणं तिरुवनंतपुरम होतं.

क्लोबुचर हे नाव अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या तांडेलाने ऐकलेलं नसेल, पण त्यांचं सूत्र त्याच्या बोटीवर आहे. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो; तो उशीर वजा करायला साध्या जीपीएस यंत्रात हेच सूत्र वापरतात. त्याने चूक सुमारे निम्मी होते. उरलेली निम्मी आपल्या भागात त्रासदायक, कारण हा उशीर ज्यावर ठरतो तो इलेक्ट्रॉनांचा साठा इथं दिवसागणिक बदलतो. सूर्यास्तानंतर तर वेगळंच प्रकरण सुरू होतं: विषुववृत्तावर विरळ वायूचे बुडबुडे उठतात आणि पुरेसे उंच चढले तर उत्तरेला आपल्यापर्यंत पसरतात. त्यातून येणारा संदेश थरथरतो, कधी यंत्राच्या हातून सुटतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हे जास्त.

हे बुडबुडे कोल्हापूरला आकाशाकडे रोखलेल्या एका कॅमेऱ्याला काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. सुमारे २५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन रात्री अंधूक लाल चमकतो, त्या चमकेत. वसईवरचं आकाशही त्याच्या टापूत येतं. पुढच्या आठवड्यात त्या कॅमेऱ्याविषयी.