दुधात अश्वगंधा घालण्यापूर्वी…

"आमचे हे हल्ली फार थकतात हो! ऑफिसातून आले की चहा घेऊन जे आडवे होतात, ते थेट जेवायला उठतात. रविवारीसुद्धा कुठं जायचं नाव नाही. बाकीचं काय सांगू, तुम्ही समजून घ्या."

शेजारच्या वहिनी परवा गवार मोडता मोडता सांगत होत्या. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून त्यांनी अश्वगंधेचं चूर्ण आणलं होतं आणि यजमानांना पत्ता लागू न देता रोज रात्री दुधात घालायला सुरुवातही केली होती. महिना झाला तरी फरक नाही. आता मोबाईलवर जाहिरात येते ती 'शक्ती'ची डबी मागवावी का, हा त्यांचा प्रश्न.

मी म्हटलं, "वहिनी, आधी भाऊजींचं रक्त तपासून घ्या." चार दिवसांनी रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर २१०! १२६ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेहाची शंका घेतात. म्हणजे थकवा नव्हता तो, दुखणं होतं. आणि महिनाभर आपण त्याच्यावर दुधाचा पेला झाकून ठेवला होता.

मैत्रिणींनो, चाळिशीच्या पुढचा पुरुष सतत थकत असेल, तर त्यामागे साखर, रक्तदाब, थायरॉइड, रक्त कमी असणं, अपुरी झोप, नाहीतर मनाला लागलेली काळजी असू शकते. संसारसुखातली उदासीनता हीसुद्धा कधी कधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. लाजेपायी ती आपण चूर्णाखाली दडवतो आणि मोलाचा वेळ जातो.

मग आपली जुनी औषधं खोटी का? मुळीच नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन आणि वाजीकरण ही दोन अंगं आहेत, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातले पहिले दोन अध्याय यांचेच आहेत. पण रसायन द्यायचं ते शरीर शुद्ध करून, पचन सुधारून, असा क्रम तिथं सांगितला आहे. मळक्या कापडावर रंग चढत नाही, तसंच हे. शिवाय खरं बोलणं, राग आवरणं, वेळेवर झोपणं यालाही चरकांनी रसायनच म्हटलं आहे. त्याला ना पैसा पडतो, ना डबी लागते.

आता औषधांविषयी. अश्वगंधा, म्हणजे आपली आस्कंद, हिचं मूळ वापरतात, पानं नव्हे. पानं वापरू नयेत, असं आयुष मंत्रालयानं २०२१ साली उत्पादकांना बजावलं आहे. मुळाच्या चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. ताण आणि झोप यांवर तिचा थोडा उपयोग होतो, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण थायरॉइडच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगितल्याशिवाय ती देऊ नये. क्वचित कोणाच्या यकृतालाही तिनं त्रास झाल्याची नोंद आहे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की लगेच बंद!

गोखरू मूत्रविकारात वापरतात. खाजकुयलीच्या बिया, म्हणजे कवचबीज, दुधात शिजवून, साल काढून शुद्ध कराव्या लागतात. त्यांत कंपवाताच्या औषधातलंच एक द्रव्य असतं, तेव्हा घरच्या घरी प्रयोग नकोत.

वैद्यांनी अश्वगंधा सांगितलीच, तर तिचा क्षीरपाक असा करावा: ५ ग्रॅम भरड, ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवावं. पाणी आटून दूध उरलं की गाळून कोमट प्यायला द्यावं. मधुमेह असेल तर साखर घालू नये.

जाहिरातीतल्या डब्यांपासून मात्र चार हात दूरच राहा. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी त्या दिसतातच. 'फक्त वनस्पती' म्हणून विकलेल्या अशा काही औषधांत इंग्रजी औषध मिसळलेलं सापडलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याला ते जिवावर बेतू शकतं. इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं अमेरिकेत तपासली, तेव्हा सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि तारीख पाहिल्याशिवाय डबी घेऊच नये.

आपण पुण्याच्या बायका तर भाग्यवान! रास्ता पेठेत १९३३ साली सुरू झालेलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे, शेजारी ताराचंद रामनाथ रुग्णालय आहे. नाडी दाखवायला लांब जायला नको.

आणि एक, चोरून काही घालू नका. वहिनींनी शेवटी भाऊजींना सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग हसले. आता दोघं रोज पहाटे पर्वतीच्या पायऱ्या सावकाश चढतात, डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, आणि चूर्णाची पुडी वैद्यांना विचारायची म्हणून कपाटात ठेवली आहे. "बोलायला लागलो, हेच मोठं औषध झालं," वहिनी म्हणाल्या.